नेव्हिल म्हटलं की थांबायचं

आमच्या घरात एक शब्द आहे, बार्नबणे. कोशात शोधाल तर सापडायचा नाही, कारण तो मी आणि माझ्या दादानं चुलीपुढं बसून तयार केलेला आहे. तोंडाचा आ करून, डोळे गच्च मिटून, गळ्याच्या शिरा ताणून माणूस जो आवाज काढतो, मग ते रडणं असो, गाणं असो की भांडण असो, त्याला आमच्यात बार्नबणं म्हणतात. माझी नात पुण्यात जन्मली, तिला ज्वारीचं कणीस बोट लावून दाखवावं लागतं, पण परवा तीच फोनवर आपल्या आईची तक्रार सांगत होती, "आजी, मी दूध सांडलं तर मम्मा किती बार्नबली माझ्यावर!" मला इतका आनंद झाला, की बोलणं संपल्यावरही मी फोन कानाला तसाच धरून एकटीच हसत बसले. शेत विकलं गेलं, घर पडलं, पण हा शब्द टिकला. आता वय झालंय आणि कोणी सांगायचं म्हणून उरलं नाही, तर म्हटलं आपणच सांगून टाकावं, हे शब्द कुठून आले ते.

आमचं गाव शिरपूर आणि रिसोडच्या मधलं. घरात चौघं. बाबा, माय, दादा म्हणजे दिगंबर, आणि मी शोभा, म्हणजे सगळ्यांची शोभी. दादा अकोल्याला होस्टेलात राहून कॉलेज शिकत होता. त्याच्या खोलीतला जोडीदार शिक्षण सोडून कुठं मुलखाबाहेर निघून गेला आणि जाताना एक कॅसेट कॉटखाली विसरला. तेवढी ती कॅसेट दादाच्या पिशवीतून आमच्या घरी आली. मामानं दिलेला एक जुना टेप घरी होताच, भला मोठा, लाकडी पेटीचा. त्यावर तोवर फक्त भजनं आणि कुणाच्या तरी लग्नातली सनई वाजली होती. दादानं कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि जे काही बाहेर आलं त्यानं माय चुलीपासून पळत आली. "काय झालं व माय? कोनाले मारून राह्यले?"

"गानं हाये मा," दादा म्हणाला.

"गानं? कोंबडी धरल्यावानी वरडून राह्यला ना थो!"

दादानं तिला कॅसेटच्या खोक्यावरचं चित्र दाखवलं. बँडचं नाव होतं डॅम्प मॅचबॉक्स. मायनं अर्थ विचारला, तर दादा म्हणाला, ओल्या काडेपेट्या. माय बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ओल्या काडेपेटीनं चूल पेटत नाई बापा, हे काय घेऊन आला?" आणि आत गेली. पण तेव्हापासून तीसुद्धा त्यांना ओल्या काडेपेट्याच म्हणायची. कधी शेजारणीनं विचारलं, हे काय वाजून राह्यलं, तर अगदी घरच्या पाहुण्यांबद्दल सांगावं तशी म्हणायची, "आमच्या दिगंबरच्या काडेपेट्या हायेत."

त्या चित्रात चार जण होते. गाणारा बार्नबी, त्याचं तोंड इतकं उघडं, की पडजीभ दिसावी. गिटारवाला ऑस्कर, त्याच्या कपाळावरचे केस डोळ्यांवर आलेले आणि तरी तो आरशात बघितल्यासारखा ऐटीत. ड्रमवाला डडली, दोन्ही हात वर, काठ्या हवेत, अंगानं जात्यासारखा. आणि चौथा नेव्हिल. हा कोपऱ्यात उभा, नजर भलतीकडंच, जणू बस चुकली म्हणून तिथं थांबलाय. त्याच्या हातात पण गिटार होती. दादाला जोडीदारानं सांगितलं होतं, की ही जाड तारांची गिटार असते, आवाज खालून येतो. आम्ही कितीतरी संध्याकाळी टेपला कान लावून तो खालचा आवाज शोधला. बार्नबी ऐकू यायचा, ऑस्कर ऐकू यायचा, डडली तर गोठ्यापर्यंत ऐकू जायचा. नेव्हिल काही सापडला नाही. शेवटी दादानं निकाल दिला, "हा नुसता फोटोपुरता उभा हाये वं शोभे. याले काई काम नाई."

मग शब्दांचा कारखानाच सुरू झाला. भांडी आदळली की डडलाट. माय रागात असली की तिच्या हातून परात, ताट, उलथणं सगळं एकदम वाजायचं, आणि दादा मला हळूच म्हणायचा, "आज लय डडलून राह्यली, बाहीर चाल." आरशापुढं रेंगाळणं म्हणजे ऑस्करणं. मी वेणी घालायला बसले की दादा उंबऱ्यातून ओरडायचा, "ऑस्करनं झालं असन तं पानी आन!" आणि काही न करता, काही न बोलता एका जागी उभं राहणं, बसणं, टेकणं, ते सगळं नेव्हिलणं. ह्या शब्दाचा आम्हाला फार उपयोग झाला, कारण आमच्या घरात एक माणूस दिवसाचा अर्धा वेळ तेच करायचा.

बाबा. बाबा फार कमी बोलायचे. शेतातून आले, की हातपाय धुऊन ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचे, पानाची चंची उघडायची, सुपारी कातरायची आणि समोर बघत राहायचं. जेवायला बोलावलं तर "हं". पोट भरलं का विचारलं तर "हं". मायनं गावभरच्या बातम्या सांगितल्या तरी "हं". चांगली भाजी झाली तरी तेच आणि खारट झाली तरी तेच. ते रागीट नव्हते, आम्हाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण त्यांच्या मनात काय आहे ते कळायचं नाही आणि त्याचीच भीती वाटायची. त्या ओट्याच्या मागची मातीची भिंत म्हणजे आमच्या खोलीची भिंत. तिच्या अलीकडं टेप, दादा, मी आणि आमचं खिदळणं. पलीकडं बाबा. एका संध्याकाळी मी दादाला विचारलं, "जेवाले कोन कोन राह्यलं?" तर तो म्हणाला, "तू, मी, अन् आपले नेव्हिलराव." मी तोंडात परकराचा बोळा कोंबला तरी हसू थांबेना. तेव्हापासून बाबांचं नाव आमच्यापुरतं नेव्हिलराव पडलं.

त्या वर्षी बाबांनी नवी जोडी घेतली. दोन दाती गोऱ्हे, अजून खांद्यावर जू न पडलेले. एक पांढरा, कपाळावर केसांचं झुपकं, ते सरळ डोळ्यांवर. दुसरा तांबूस, आणि सारखा हंबरायचा. बाबांनी त्यांची नावं पाखऱ्या आणि तांबड्या ठेवली. आम्ही काय ठेवली असतील ते सांगायला नको. झुपक्याचा तो ऑस्कर, हंबरणारा तो बार्नब्या. आणि नेमके होळीच्या सुमारास बाबा कडब्याच्या गंजीवरून पडले आणि पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. सालावर ठेवलेला गडी त्या वर्षी सोडून गेलेला. गोऱ्हे शिकवायचं काम सुट्टीत घरी आलेल्या दादावर आणि माझ्यावर पडलं.

गोऱ्हे शिकवायची आपल्याकडं एक रीत आहे. शहाण्या बैलाच्या जोडीला नवखा जुंपायचा, मागं ओंडका बांधायचा आणि रिकाम्या वावरात फिरवायचं. टाळूला जीभ लावून टकटक केलं की चालायचं, होऽ म्हटलं की थांबायचं. हे सगळ्या गावाला ठाऊक, आम्हालाही ठाऊक. पण आमच्याकडं शहाणा बैल नव्हता आणि टेप होता. दादानं सेल घालून टेप धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळीला टांगला. ओल्या काडेपेट्यांचं पहिलं गाणं नुसत्या ड्रमनं सुरू व्हायचं, धडाड धडाड धडाड. दादा कासरा हलवून ओरडायचा, "डडल!" गोऱ्हे बिचकून पुढं निघायचे. मग मी बटण बंद करायची, आडवी उभी राहायची आणि म्हणायची, "नेव्हिल!" थांबले की ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, एकेक तुकडा तोंडात. पहिल्या दिवशी ओंडक्यासकट ते मला धुऱ्यापार घेऊन गेले आणि बाभळीचे काटे माझ्या पाठीतून मायनं दिव्याच्या उजेडात काढले. पण ढेपेपुढं बैलाचं काही चालत नाही. उन्हाळा संपता संपता ती जोडी अशी तयार झाली, की दादानं नुसतं डडल म्हणावं आणि दोघांनी पावलाला पाऊल लावून निघावं, मी लांबून नेव्हिल म्हणावं आणि जागच्या जागी थांबावं. मला आयुष्यात पुढं बऱ्याच गोष्टी जमल्या, पण तेवढा तोरा मला कशाचाच वाटला नाही.

टकटक आणि होऽ मात्र त्यांना कोणी शिकवलंच नाही. आमच्या डोक्यातच आलं नाही, की ही जोडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी पोट्टी आणि एवढंही सुचू नये? नाही सुचलं बापा. हसण्यात गेलो आम्ही.

पेरणी दादानंच केली आणि तो अकोल्याला गेला. बाबांचं प्लास्टर निघालं. जरासे लंगडत, पण हट्टानं, ते डवरणीला, म्हणजे कोळपणीला, स्वतः उतरले. पहिलं तास संपलं, धुरा आला, बाबा म्हणाले, "होऽ." जोडी चालतच राहिली. "होऽऽ! होऽ रे पाखऱ्या!" पाखऱ्या कोण, ते पाखऱ्याला माहीत नव्हतं. जोडी धुरा ओलांडून डवऱ्यासकट शेजारच्या तुरीत शिरली आणि बाबा कासऱ्याला लोंबकळत मागोमाग. मी निंदणाऱ्या बायांमध्ये होते. बाया हसायला लागल्या आणि मी खाली मान घालून गवत उपटत राहिले, गवताबरोबर पीकही उपटलं.

त्या दिवशी जेवताना बाबा एकदम दोन वाक्यं बोलले, यावरूनच समजा काय झालं असेल. "बहिरी जोडी गयात पडली. पोया झाला का रिसोडच्या बजारात नेतो."

पोळा झाला की ऑस्कर आणि बार्नब्या बाजारात! त्यांना ढेप चारून, त्यांच्या मानेखाली खाजवून मी सगळा उन्हाळा काढला होता. उपाय तर माझ्याजवळ होता, एका शब्दाचा. पण तो शब्द बाबांना सांगायचा कसा? सांगितला, की ते विचारणार, नेव्हिल म्हणजे काय. मग काय सांगू? काही न करता कोपऱ्यात उभा राहतो तो? आणि पुढं हेही सांगू, की बाबा, तुमचंच नाव आहे ते? मायला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुमी जाना अन् तुमच्या काडेपेट्या जाना. मी नाई पडत त्यात."

मग मी एक चोरटा मार्ग काढला. शाळा नसली की निंदणाच्या निमित्तानं मी डवऱ्याच्या आसपास राहायची. बाबा होऽ म्हणायच्या बेतात आले, की मी खाकरल्यासारखं करून पुटपुटायची, "नेव्हिल." जोडी थांबायची. वळून उभी राहिली की शेंगा मोजल्यासारखं करत, "डडल." जोडी निघायची. बाबा चकित. माझी शाळा असली त्या दिवशी मात्र जोडी पुन्हा तुरीत. घरी येऊन बाबा म्हणायचे, "एका दिवशी आयकतेत, एका दिवशी नाई." एकदा माझा खाकरा जरा मोठा झाला. बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि "हं" म्हणाले. ते नेहमीच हं म्हणायचे, म्हणून मी त्यातून काही घेतलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा आला. संध्याकाळी खांदशेकणी झाली. हळद आणि लोणी घेऊन बाबांनी बैलांचे खांदे पळसाच्या पानानं चोळले, आणि माय गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग बाबांची पाठ वळल्याचं बघून हळूच पुढं म्हणाली, "येजो रे ऑस्कऱ्या, येजो बार्नब्या." दोघांनीही कान टवकारले. मी आणि दादानं गोठ्यामागं खलबत केलं. दादा म्हणाला, कासरा मीच धरतो, म्हणजे प्रश्न मिटला. त्यानं जाऊन बाबांना तसं विचारलं.

"बाबा, उद्या तोरनात जोडी मी नेतो. तुमचा पाय..."

"काहून? मी मेलो काय?"

झालं. आमच्याकडं नव्या जोडीचा पहिला पोळा घरधनी स्वतः नेतो, पाय मोडका असो की धड. आता खरी भीती कशाची होती ते सांगते. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली साऱ्या गावाच्या जोड्या रांगेनं उभ्या राहतात. पहिली मानाची जोडी पाटलांची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही. मागं एका घराची जोडी पाटलांच्या आधी निसटली होती, तर त्या दोन घरांत एकमेकांच्या पंगतीला बसणं बंद झालं ते झालंच. बाबांची तर पाटलांशी लहानपणापासूनची दोस्ती. आणि आमची जोडी होऽ ऐकत नव्हती.

पोळ्याला मायनं पुरणाच्या पोळ्या केल्या, कढी, भजी, वडे, आणि सगळ्या घराला जायफळाचा वास. बैलांच्या शिंगांना दादानं रंग दिला, बेगड लावली. माझ्या जुन्या लाल पोलक्याच्या चिंध्यांचे गोंडे मी स्वतः ऑस्करच्या कपाळावर बांधले. झूल घातली, घुंगरमाळा घातल्या. असे दिसत होते दोघं, की त्यांना माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. पण ताटावर बसून मी नुसतं पुरण चिवडत राहिले. दादाही तसाच. माय म्हणाली, "खा बापा, काडेपेट्या पेटाच्या अगुदर खाऊन घ्या."

बायका पाराच्या ओट्यावर उभ्या होत्या, त्यांत मी आणि माय. खाली रांगेत आमची जोडी, पाटलांच्या जोडीला लागूनच, कासरा बाबांच्या हातात. फेटा बांधला होता, पांढरं धोतर, चेहरा नेहमीसारखा. दादा मागं गर्दीत. झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्यात म्हणायच्या गमतीच्या जुळवण्या. एकानं म्हणायची, दुसऱ्याच्या बैलाला नाही तर दुसऱ्याला टोमणा मारायचा, आणि सगळ्यांनी हर हर महादेव करायचं. बाबांनी जन्मात कधी झडती म्हटली नव्हती. हसणं चाललं होतं, मीही जराशी सैलावले. तेवढ्यात डफडेवाल्यांनी डफडी उचलली आणि दणका दिला. धडाड धडाड धडाड.

अगदी आमच्या गाण्यासारखा.

माझ्या लक्षात आलं तोवर ऑस्कर आणि बार्नब्या निघालेसुद्धा होते. पावलाला पाऊल लावून, मान वर करून, उन्हाळाभर शिकवल्याप्रमाणं, सरळ तोरणाकडं. पाटलांची जोडी मागं राहिली. "अरे! अरे धरा!" असा कालवा उठला. बाबा ओरडत होते, "होऽ! होऽऽ!" आणि दुखऱ्या पायावर ओढले जात होते. डफडी थांबेनात. मी नेव्हिल म्हणून ओरडले, पण त्या दणक्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. मला आठवतं, मी मायचा दंड इतका दाबला होता, की तिथं माझी बोटं उमटली. तोरण दोन पावलांवर आलं. आणि मग साऱ्या गावासमोर, फेटा कानावर आलेला, लंगडत पळणारे माझे बाबा छाती फुगवून ओरडले,

"नेव्हिल!"

जोडी थांबली. जागच्या जागी. ऑस्करच्या शिंगाचं टोक तोरणाच्या पानाला लागून राहिलं होतं, पण तोरण हललं नाही. डफडी थांबली. फक्त बार्नब्या एकदा हंबरला.

पाटील पुढं आले. म्हातारा माणूस, हातात काठी. त्यांनी तोरण पाहिलं, जोडी पाहिली, बाबांना पाहिलं. "काय म्हनलं जी गनपतराव? कोनत्या देवाचं नाव घेतलं?"

बाबांनी फेटा सरळ केला. दम लागला होता. "देव नाई पाटील. बैलाची बोली हाये. माह्या लेकरायनं शिकवली."

पाटलांच्या मिशा हलल्या. मग ते जे हसायला लागले, ते काठीवर वाकूनच हसले, आणि त्यांच्यामागं सगळा पोळा हसला. कोणीतरी ओरडलं, "गनपतराव, आता झडती झाली पाह्यजे! सोडत नाई!" मी म्हटलं, मेले. बाबा कसली झडती म्हणतात. बाबांनी घसा खाकरला, आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून खणखणीत म्हणाले,

"चार काड्या ओल्या, पेटता पेटत नाई,
ऑस्कर पाहे आरसा, बार्नब्याले घाई,
डडलीनं धिंगाना केला, पाय ठरत नाई,
नेव्हिल म्हनता जोडी थांबली, लाज राखली भाई!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" गावानं असा गजर केला, की पारावरची कबुतरं उडाली. मी दादाकडं पाहिलं. दादाचं तोंड उघडं होतं, अगदी बार्नबीसारखं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माय म्हणत होती, "हा मानूस बोलते व माय! बोलते हा मानूस!" मग मानाची जोडी गेली. आमची पाळी आली, तेव्हा बाबा आपल्या मित्रांना सांगावं तसं हळू आवाजात म्हणाले, "डडल, ऑस्कर. डडल, बार्नब्या." आणि ते दोघं शहाण्यासारखे तोरणाखालून गेले.

जोडी काही बाजारात गेली नाही, आणि गावानं तो शब्द त्याच दिवशी उचलला. पोट्टे फाट्यावर उभे राहून एसटीला हात करायचे आणि ओरडायचे, "नेव्हिल!" ड्रायव्हर थांबला की टाळ्या. रिसोडच्या जीपमधून उतरायचं असलं, की म्हातारे लोकसुद्धा जीपवाल्याला म्हणायचे, "पारापाशी नेव्हिल करजो बापा." मागच्या दिवाळीला मी गावी गेले होते. माझ्या पोराच्या वयाचा एक जण ट्रॅक्टरवर होता, आणि मागून त्याची बायको ओरडत होती, "नेव्हिल करा ना जी, डबा राह्यला!" त्यांना काय माहीत कोण नेव्हिल. नातवानं एकदा फोनवर डॅम्प मॅचबॉक्स शोधून पाहिलं, काहीच सापडलं नाही. जगात कुठंही नसतील, पण आमच्या फाट्यावर आहेत.

पण मला सांगायचं होतं ते संध्याकाळचं. घरोघर ओवाळून, पोळ्या खाऊन जोडी गोठ्यात गेली. बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसले, भिंतीला पाठ लावून, चंची उघडून. मी आणि दादा आतल्या खोलीत, आता काय होतं म्हणून भिंतीला कान लावून. बराच वेळ अडकित्त्याचा आवाज आला. मग भिंतीपलीकडून बाबा म्हणाले,

"भित मातीची हाये, पोरायहो. कान मातीचे नाईत."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"तं मी नेव्हिलराव," बाबा म्हणाले.

दादानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. पण पलीकडून एक आवाज आला, जो आम्ही कधी ऐकलाच नव्हता, म्हणून आधी ओळखू आला नाही. बाबा हसत होते. खालच्या आवाजात, थांबून थांबून.

"आना बरं थे पेटी इकडं," ते म्हणाले. "पाहू दे मले, कोन हाये हा."

दादानं टेप ओट्यावर नेऊन ठेवला, मी खोका दिला. बाबांनी चित्र दिव्याकडं धरलं आणि कोपऱ्यातल्या त्या चौथ्याकडं बोट ठेवलं. मी हं म्हटलं. "हा काय वाजवते?" दादा म्हणाला, "आमाले आयकूच येत नाई बाबा. आमी लय शोधलं." दादानं बटण दाबलं. धडाड धडाड सुरू झालं, बार्नबी ओरडायला लागला, माय हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बाबांनी कान लावला नाही. दुखऱ्या बैलाच्या खांद्यावर ठेवतात तसा त्यांनी आपला तळवा टेपच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि डोळे मिटले. गाणं अर्धं झालं. मग त्यांनी माझा हात धरून आपल्या हाताशेजारी पेटीवर ठेवला. लाकडातून काहीतरी माझ्या तळव्यात येत होतं, जाड, सावकाश, एकसारखं.

"लागला का हाताले?" बाबांनी विचारलं. "हा हाये ना, बाई. हा तं पयलेपासून वाजून राह्यला."